ओवाळणीतल्या साखळ्या

वहिनी, अखेर बर्फ पडला. तू गेलीस तेव्हा डोंगर नुसता ओला होता, आणि हॉस्पिटलच्या कॉटवरून तू दादाला विचारत होतीस की शेडचं दार नीट ओढून घेतलंय ना. मग तेरावा झाला, तुझी लेक मीरा साउथहॅम्प्टनला आपल्या कामावर परत गेली, ग्लासगोहून डबे घेऊन येणारी मंडळी हळूहळू यायची थांबली. काल सकाळी उठून पाहतो तर खालच्या रस्त्यापासून घरापर्यंत सगळं पांढरं. मी अजून इथेच आहे. ब्रिस्टलच्या ऑफिसनं रजा वाढवून दिली आहे, पण रजेवरचा माणूस निदान बसतो तरी. मला बसवत नाही. स्वयंपाकघरात गेलो की खिडकीत तुझा चष्मा, दारात तुझे वेलिंग्टन बूट. म्हणून बाहेर येतो, आणि बाहेर आलो की पाय शेडकडेच वळतात. आत्ताही हत्यारांच्या फळीवर कागद ठेवून उभ्याउभ्या लिहितोय. समोर तुझा ट्रॅक्टर आहे. भिंतीवरच्या खुंट्यांना त्या साखळ्या लटकताहेत. घरात दादा कपाटं उघडतोय, त्याचे आवाज येताहेत. त्याबद्दल सांगतो, पण सगळं क्रमानं सांगू दे.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. बोलेन की. पण आधी आपलं भांडण पुरं व्हायला हवं. दादानं आणि तू या डोंगरावर राहावं की खाली यावं, यावरून आपण किती वर्षं भांडलो! तू म्हणायचीस वरच, मी म्हणायचो खाली. आता तू नाहीस आणि दादा एकटा वर आहे, म्हणजे भांडण मिटलेलं नाही, उलट त्याला आत्ता कुठे धार आली आहे. आणि नेमकी आत्ता तू गप्प. हे काही बरोबर नाही.

मीराला मराठी वाचायला वेळ लागतो, पण कधीतरी ती हे वाचेल, म्हणून पहिल्यापासून सांगतो. दादा, माझा थोरला भाऊ, या गावचा डॉक्टर झाला तेव्हा गावात राहायला चांगली घरं होती. तुला मात्र हेच घर आवडलं. दादरच्या तिसऱ्या मजल्यावर वाढलेली मुलगी तू. गाय पाहिली होतीस ती देवळाबाहेर, चारा घालण्यापुरती. आणि तुला डोंगरावरचं घर हवं, ज्याच्या चढाच्या वाटेकडे कौन्सिल ढुंकून पाहत नाही. गावच्या रस्त्यावर ग्रिट, म्हणजे बर्फ वितळवायचं खडेमीठ, टाकायला लॉरी येते ती आपल्या फाटकापाशी वळते आणि परत जाते. फाटकापासून वरचा सगळा बर्फ तुमचा.

तू दादाच्याच सर्जरीत, म्हणजे दवाखान्यात, औषधं द्यायला बसायचीस, त्यामुळे सकाळी दोघांनाही खाली पोचणं भाग होतं. पहिल्या हिवाळ्यात चालत उतरलात, पडलात, दादाचा गुडघा सुजला. मग खालच्या शेतातल्या डंकनकडून तू हा लहानखुरा राखाडी ट्रॅक्टर घेतलास. दादानं स्टीअरिंगला हात लावायला साफ नकार दिला. म्हणाला, मी माणसं दुरुस्त करतो, तेवढं पुरे. म्हणून चालवायचीस तू, आणि मागच्या लोखंडी खोक्यात, ज्यातून डंकन मेंढ्यांचा चारा न्यायचा, त्यात ओव्हरकोट घातलेला, मांडीवर बॅग घेतलेला गावचा डॉक्टर उभा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं कुठल्या तरी देवाची मिरवणूक निघाली आहे. तसं म्हणालोही. तू म्हणालीस, "भाऊजी, हसा. पण टायर घसरतात हो फार. त्यावर काही इंजिनिअरिंग आहे का तुमच्याकडे?"

होतं. म्हणजे मला वाटलं, आहे.

तुझे भाऊ दादरला, मला सख्खी बहीण नाही. इथे आल्यापासून तू भाऊबीजेला मलाच ओवाळायचीस. तिकडून आईनं फोनवर नाक मुरडलं होतं, दिराला कसली भाऊबीज म्हणून. तू म्हणालीस, "मला इथे भाऊ नाही, यांना बहीण नाही, मग अडलंय कुठे?" तर त्या वर्षी मी ब्रिस्टलहून रात्रभरच्या कोच बसनं आलो, पायाशी गोणपाटात बांधलेलं ओझं घेऊन. तू पाट मांडलास, टिळा लावलास, ओवाळलंस, आणि तबक पुढे धरलंस. मी गोणपाटातून साखळी काढून तबकात ठेवली. तबक कलंडलं, सुपारी कोळशाच्या बादलीत गेली, निरांजन दादानं कसंबसं सावरलं. साखळी जमिनीवर पडली तो आवाज डंकनच्या कुत्र्यानंही ऐकला असेल. "नाकापेक्षा मोती जड," तू म्हणालीस, आणि पाटाशेजारी बसून पोट धरधरून हसलीस. दुसरी साखळी मी शहाणपणानं गोणपाटातच राहू दिली.

दुसऱ्या दिवशी आपण त्या चढवून पाहिल्या. साखळी म्हणजे शिडीसारखी असते. दोन लांब बाजू, आणि मधे आडव्या पट्ट्या, त्या टायरवर बसतात आणि बर्फात रुततात. ती चाकावरून टाकायची, आतल्या बाजूचा आकडा आधी अडकवायचा, मग बाहेरची कडी खेचून खटका दाबायचा. आतला आकडा लागला. बाहेरचा लागेना. एका कडीवर अडकवावा तर पोचत नाही, पुढच्या कडीवर अडकवावा तर साखळी सैल. म्हणजे अर्ध्या कडीचा घोळ. आणि अर्धी कडी जगात कुणी बनवत नाही.

माझं माप बरोबर होतं. हे मी तेव्हाही म्हणालो आणि आज तुझ्या माघारीही म्हणतो. टायरवरचा नंबर मी दादाकडून फोनवर घेतला होता. नंबर बरोबर, साखळी बरोबर. तुझं टायर झिजलेलं होतं, वहिनी. तू म्हणायचीस, "टायर माझं आहे तसं आहे. साखळी त्याला व्हायला हवी, का त्यानं साखळीला?" या प्रश्नाचं उत्तर मला आजवर सुचलेलं नाही. म्हणून ते बरोबर ठरत नाही, एवढंच.

मी म्हणालो, चल, दुकानात परत देऊ, एक नंबर लहान घेऊ. तू कमरेवर हात ठेवलेस. "ओवाळणी कुणी परत करतं का, भाऊजी?"

"अगं, ओवाळणी कसली, लोखंड आहे ते."

"तबकात पडलं ना? झालं मग."

"बरं, जादाच्या कड्या तरी कापू. सैल टोकं चाकाबरोबर फिरून मडगार्ड फोडतील."

"ओवाळणीला कातर लावायची?"

दादा खिडकीतून पाहत होता. त्यानं मध्ये तोंड घातलं नाही. आपल्या दोघांत तोंड घालायची त्याची कधीच छाती झाली नाही. आणि मला सांग, सबंध ब्रिटनमध्ये असा दुसरा एखादा ट्रॅक्टर असेल का, की ज्याच्या साखळ्या न बसण्याचं कारण भाऊबीज आहे?

मग तू तुझी पद्धत काढलीस. शेडसमोरच्या सपाट जागी साखळ्या पसरायच्या, ट्रॅक्टर त्यांच्यावर घ्यायचा, टोकं वर उचलून आकडे लावायचे, तोंडं बाहेरच्या बाजूला म्हणजे टायरला टोचत नाहीत. हे सगळं डंकननंही तसंच सांगितलं असतं. पण तू घट्ट कडीच धरायचीस, जी मी म्हणत होतो की पोचणारच नाही. एक पाय चाकाला लावायचीस, दात आवळायचीस, आणि ओढायचीस. खटका बसला की उरलेलं टोक डंकनच्या गवताच्या गठ्ठ्यांवरच्या नारिंगी सुतळीनं करकचून बांधायचीस. मग हळूहळू पाण्याच्या टाक्यापर्यंत जायचीस आणि खाली उतरायचीस. कारण थोडं चाललं की साखळी टायरवर नीट बसते आणि बसली की सैल पडते. मग पुन्हा ओढायचं, पुन्हा बांधायचं. "पहिली बांधणी दाखवायची, दुसरी चालवायची," हे तुझं वाक्य. कितीही घाई असो, टाक्यापाशी तू उतरली नाहीस असं झालं नाही. म्हणजे, एकदाच झालं.

त्या दिवशी मीही होतो. खाली गावात कुणाला तरी दम लागला होता, फोन आला होता, दादा खोक्यात उभा राहून घाई करत होता, आणि तू टाक्यापाशी न थांबता पुढे गेलीस. वळणावर सुतळी तुटली. सुटं टोक मडगार्डवर थाडथाड आपटायला लागलं. तू गिअर खालचाच ठेवला होतास, ब्रेकला पाय लावला नाहीस म्हणून निभावलं. ट्रॅक्टर आडवा होऊन कुंपणाला टेकला आणि थांबला. दादानं बॅग काखेत मारली आणि उरलेली वाट अर्धी घसरत, अर्धी पळत पार केली. रोगी वाचला, दादाचा गुडघा पुन्हा गेला.

आणि मी काय केलं? मी तिथेच, बर्फात उभा राहून तुला सांगायला लागलो की मी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होतो. तू दादाची जुनी पँट सलवारीवर चढवलेली, चाकाशी आडवी झालेली, केसांत बर्फ. तू मान वर करून म्हणालीस, "भाऊजी, भांडायचं तर भांडा. पण भांडता भांडता हे धरा." मी धरलं. धरून भांडलो. साखळी घट्ट बसली त्या दिवशी.

मग मी ब्रिस्टलहून रबरी ताणपट्टे पाठवले. साखळीच्या बाहेरच्या बाजूला चांदणीसारखे लावायचे, म्हणजे सैलपणा ते आपोआप ओढून घेतात. अगदी शास्त्रशुद्ध वस्तू. पुढच्या खेपेला पाहतो तर एक पट्टा लोणच्याच्या बरणीवरच्या फडक्याला, आणि दुसऱ्यानं शेडचं दार बांधलेलं. "थंडीत रबर आखडतं हो," तू म्हणालीस, "आणि मला मेलीला हातानं ओढल्याशिवाय विश्वास वाटत नाही." मी उंटावरून शेळ्या हाकत होतो, असं तुझं म्हणणं. असेन. पण शेळ्या घसरताहेत हे उंटावरूनही दिसत होतं.

आता चांगलं बोलतो. एका हिवाळ्यात आमच्या कारखान्यात कपात झाली आणि माझी नोकरी गेली. लग्न मी केलेलं नव्हतं, ब्रिस्टलच्या त्या खोलीत बोलायला रेडिओ तेवढा. मी इथे आलो आणि अंथरूण धरलं. दादा डॉक्टरासारखं बोलला, विश्रांती घे, वेळ जाऊ दे वगैरे. तू काहीच बोलली नाहीस. पण जेवढ्या सकाळी बर्फ पडला तेवढ्या सकाळी खालून तुझी हाक यायची, "भाऊजी, या हो! मला एकटीला ओढवत नाही." मी चडफडत उठायचो, बूट घालायचो, कडी ओढायचो, बोटं सोलून घ्यायचो, तुझ्याशी भांडायचो आणि मग भूक लागायची. पोटात थालीपीठ गेलं की दिवस सुरू व्हायचा. त्या हिवाळ्यातून मी जिवंत बाहेर आलो तो त्या हाकेमुळे. हे तुला कधी म्हणालो नाही. दीर-भावजयीत असलं काही बोलायची आपल्याकडे रीत नाही. आणि तू ते हसण्यावारी नेलं असतंस. तेव्हा तुला माझी काडीचीही गरज नव्हती, हेही मला माहीत होतं. एकटी ओढायचीस तू. मी खिडकीतून पाहिलं होतं.

पुढे दादा रिटायर झाला. मला वाटलं, चला, आता तरी ही दोघं खाली येतील. सर्जरी नाही, फोन नाहीत, वर राहायचं कारणच काय? मी दर रविवारी फोन करायचो आणि फिरून फिरून तिथेच यायचो. ब्रिस्टलला माझ्या शेजारचं घर विकायला होतं, बाग होती, दाराशी बस होती. "वहिनी, वय झालं आता. एखाद्या दिवशी त्या वळणावर दोघं मराल." तू म्हणायचीस, "माणूस ब्रिस्टलमध्येही मरतो हो." त्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मी अगदीच हट्टाला पेटलो, तेव्हा तू अट घातलीस. तुझे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. "भाऊजी, ज्या दिवशी साखळी चढवता येणार नाही, त्या दिवशी खाली येऊ. तोवर हा विषय नको." मी म्हणालो, कबूल. आणि मनात म्हणालो, सुंभ जळेल, पीळ जळायचा नाही. मग प्रत्येक बर्फाला मी मुद्दाम विचारायचो, "चढवली का?" आणि तू ठसक्यात सांगायचीस, "चढवली. टाक्यापाशी परत ओढली. आणि काही?"

आता कालचं.

परवा मीराचा फोन आला होता. "काका, बाबाला तिथे एकटा नको ठेवू ना. सगळा काम आईच करायची. माझी फ्लॅट लहान आहे, पण तू त्याला ब्रिस्टलला ने, प्लीज. तो तुझं ऐकेल." मी म्हटलं, नेतोच. मनात सगळी मांडणी केली होती. दादाला ट्रॅक्टर येत नाही, साखळी येत नाही, आणि अट तुझीच आहे. तुझ्याच शब्दांनी त्याला खाली न्यायचं ठरवलं होतं मी. नेलं नाही तर हा माणूस पहिल्या मोठ्या बर्फात वर अडकेल. दूध संपेल, गोळ्या संपतील, आणि कुणाला म्हणून सांगणार नाही. हे खोटं नाही, वहिनी. रात्री याच भीतीनं माझा डोळा लागत नव्हता. बर्फाची वाट बघत होतो मी, कारण बर्फ माझी बाजू मांडणार होता.

काल सकाळी दादा तुझे हातमोजे घालून बाहेर आला. "नंदू, चल. दूध संपलंय. साखळ्या चढवू."

मी खिशात हात घालून उभा राहिलो. मुद्दाम. मला वाटलं, करू दे प्रयत्न, मग आपसूक कळेल. आणि त्याच वेळी मनात म्हणत होतो, जमू दे, जमू दे. दोन्ही एकदम वाटत होतं, खरं सांगतो. दादानं साखळ्या खुंटीवरून काढल्या, कड्यांचा पीळ झटकून काढला, जमिनीवर सरळ पसरल्या. ट्रॅक्टर सुरू केला. आयुष्यात स्टीअरिंगला हात न लावणाऱ्या माझ्या भावानं तो अलगद पुढे घेतला आणि नेमका साखळ्यांच्या मधोमध उभा केला. उतरून गुडघे टेकले. आत हात घालून न बघता आकडा लावला. मी खिशातून हात कधी काढले मला कळलं नाही.

मग तो बाहेरच्या बाजूला आला. घट्ट कडीपाशी खटका धरला, त्यावर बुटाची टाच ठेवली, आणि थांबला. माझ्याकडे न बघताच हात पुढे केला.

"ओढ."

"म्हणजे?"

"तिनं ओढायचं, मी टाचेनं दाबायचं. अशीच चढवतो आम्ही." मग म्हणाला, "एकटीनं ओढून दाबायचा जोर तिच्या बोटांत कुठे राहिला होता? संधिवात. बरेच हिवाळे झाले त्याला. ट्रॅक्टरही मीच काढायचो इथे, नंतर ती बसायची."

मी म्हणालो, "मला तर ती फोनवर सांगायची, चढवली म्हणून."

"चढवलीच होती की. मी धरून." दादा थोडा हसला. "तुला सांगितलं असतं तर तू जिंकला असतास ना."

असा संताप आला मला तुझा! इतकी वर्षं प्रत्येक बर्फाला मी विचारत होतो आणि तू मला चक्क बनवत होतीस, आणि तो महाशय शेजारी उभा राहून ऐकत असणार, गालातल्या गालात. बरं, बनवलंस ते बनवलंस. पण मला हाक का नाही मारलीस? गरज नव्हती तेव्हा रोज सकाळी हाक मारायचीस, आणि खरोखर ओढवेना झालं तेव्हा एकदाही मारली नाहीस? मी आलो असतो, वहिनी. धावत आलो असतो. भांडलो असतो, पण भांडता भांडता धरलं असतं.

मी ओढलं. तुझ्यासारखा चाकाला पाय लावून, दात आवळून. दादानं टाच दाबली, खटका बसला. दुसऱ्या चाकाचंही तसंच केलं, सुतळी बांधली. टाक्यापाशी त्यानं ट्रॅक्टर थांबवला, आम्ही उतरलो, पुन्हा ओढलं, पुन्हा बांधलं. तो वळणावरून इतका हळू गेला की मी खोक्यात उभ्याउभ्या रडू शकलो, त्याला दिसलं नाही. खाली दूध घेतलं, डंकन भेटला, त्यानं टोपी काढली आणि हवेबद्दल बोलला. आम्ही परत वर आलो. साखळी तसूभरही हलली नाही.

शेडमध्ये येईपर्यंत माझी सगळी मांडणी उलटी झाली होती. मला कळलं होतं की हे जमतंय. दादानं ट्रॅक्टर बंद केला, साखळ्या सोडवल्या, पुसल्या, खुंटीवर लावल्या. हातमोजे काढून खिशात ठेवले आणि म्हणाला, "झालं. येतो मी ब्रिस्टलला."

हेच ऐकायला मी इतकी वर्षं फोन करत होतो. आणि तुला सांगतो, माझ्या तोंडून काय निघालं असेल? "कशाला?" मग मला थांबताच येईना. म्हटलं, बर्फ असा कितीसा पडतो, पडला की मी येईन, ग्लासगोपर्यंत विमानानं येईन. डंकनला सांगू, तो ओढेल. घर चांगलं आहे, हवा चांगली आहे, ब्रिस्टलमध्ये काय ठेवलंय, माणूस ब्रिस्टलमध्येही मरतो. मी तुझी वाक्यं बोलत होतो, वहिनी, अगदी तुझ्या ठसक्यात, आणि समोर दादा माझी बाजू घेऊन उभा. शेवटी म्हणालो, "नव्या साखळ्या आणू. बरोबर मापाच्या. हल्ली मिळतात, एकट्या माणसाला सहज चढवता येतात."

आयुष्यभर आपल्या दोघांच्या भांडणात दादा कधी बोलला नव्हता.

"येतील रे चढवता," तो म्हणाला. "मला एकट्याला चढवायच्या नाहीत."

काल संध्याकाळपासून तो सामान काढतोय. तुझ्या साड्या मीरासाठी एका बाजूला, स्वतःचे कोट दुसऱ्या बाजूला. मधेच मला हाक मारतो, हे घेऊ का, ते ठेवू का. मी जातो, हो-नाही सांगतो, आणि पुन्हा इथे येऊन उभा राहतो. ट्रॅक्टर डंकन घेऊन जाईल. मीराला मी कळवलं, ती फोनवर "थँक गॉड, काका" म्हणाली आणि मग रडायला लागली. सगळं मी म्हणत होतो तसंच झालंय. दादा खाली येतोय, माझ्याजवळ राहील, दाराशी बस असेल, त्या वळणावर आता कुणी मरणार नाही. मी बरोबर होतो. तुझी बाजू मी स्वतः मांडून पाहिली, तरी मीच बरोबर ठरलो.

इतक्या वर्षांत, साखळीवरून असो, टायरवरून असो, कशावरूनही असो, तू मला एकाही भांडणात शेवटचा शब्द घेऊ दिला नाहीस, वहिनी. मग हाच कसा दिलास?